कोल्बीचा कॅचर

"तो बघ, आपला," विदू म्हणाला. "जाळीच्या पलीकडे उकिडवा बसलाय तो."

मी उन्हाला हात आडवा धरून बघितलं. तोंडावर लोखंडी पिंजरा, छातीवर गादीसारखं जाड चिलखत, नडग्यांना पट्टे. त्या सगळ्या सरंजामाच्या आत माझा भाचा कौस्तुभ आहे हे ओळखायचं ते मागून दिसणाऱ्या मानेवरून. मान मात्र आमच्या घरातलीच होती, आखूड.

"हा सगळा वेळ असाच बसणार?"

"नऊ इनिंग. आलेला चेंडू झेलायचा, पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, परत द्यायचा. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, ताई. फक्त याला उभं राहता येत नाही."

"आणि गुडघे?"

"जातात," विदू म्हणाला आणि शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. विमा ऑफिसातली नोकरी संपवून मी साताऱ्यात निवांत बसले होते, तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा फोन आला, की ताई, या उन्हाळ्यात ये. आम्ही सबनीस भावंडं दोघंच. विदू म्हणजे विद्याधर, तीसेक वर्षांपूर्वी इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेलेला. त्याची बायको रेवती कॅन्सरने गेली तेव्हा कौस्तुभ बारा वर्षांचा होता. मला वाटलं मी न्यू जर्सीच्या त्यांच्या घरी जाणार. तिथल्या विमानतळावर विदूने सामान गाडीत टाकलं आणि सांगितलं, घर विकलं. नोकरीही सोडली. आता आपण आयोवातल्या मार्लो नावाच्या गावात राहतो, कारण कौस्तुभ तिथे खेळतो.

दोन दिवस गाडी चालवून आम्ही मार्लोला पोचलो. मिसिसिपी नदीच्या काठचं लहान गाव. धान्याची उंच कोठारं, एक पूल, चर्चं आणि नदीला लागून बेसबॉलचं मैदान. तिथल्या टीमचं नाव हेरॉन्स. हेरॉन म्हणजे बगळा, म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यांना बगळेच म्हणायला लागले. टोपीवरही बगळा होता, एका पायावर उभा.

विदूने मला सगळं समजावून सांगितलं. मोठ्या शहरांतल्या टीम, ज्या टीव्हीवर दिसतात, त्या प्रत्येकीच्या खाली लहान गावांतल्या टीमची उतरंड असते. पोरं खालून सुरुवात करतात आणि एकेक पायरी चढतात. बगळे ही जवळजवळ तळाचीच पायरी. कौस्तुभ चोवीस वर्षांचा होता आणि त्याच पायरीवर त्याचं तिसरं वर्ष चालू होतं.

"मग वरच्या पायरीवर कधी?" मी विचारलं.

"बघू," विदू म्हणाला. "कॅचरला वेळ लागतो."

मैदानावर दोन-चार हजार माणसं मावतील एवढ्या खुर्च्या होत्या आणि चार-पाचशे माणसं असायची. पहिल्या ओळीत ऑक्सिजनची नळी लावलेला एक म्हातारा आणि त्याची बायको, मागे दारूच्या ग्लासांची चळत करणारी कारखान्यातली पोरं. दोन इनिंगच्या मध्ये बगळ्याचा पोशाख घातलेला माणूस लहान मुलांशी शर्यत लावायचा आणि मुद्दाम हरायचा. मला ते सगळं आवडायला लागलं. साताऱ्यात संध्याकाळी मला एवढी माणसं कुठे दिसत होती?

आणि विदू गोष्टी सांगायचा. लहानपणी तो घुम्या होता. आई म्हणायची, याला बोलतं करायला चिमटा लागतो. पण मैदानावर त्याचं तोंड थांबत नसे. नवा चेंडू गुळगुळीत असतो, म्हणून मॅचआधी त्याला चिखल चोळतात, तोही साधा नाही. न्यू जर्सीतल्या एका नदीकाठचा चिखल, तो एकच कुटुंब काढतं आणि जागा कोणाला सांगत नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या देशातले सगळे चेंडू एकाच घरच्या चिखलाने माखतात. एकदा ऱ्होड आयलंडला अशाच दोन लहान टीमची मॅच पहाटे चारपर्यंत चालली. थंडी इतकी की खेळाडूंनी तुटक्या बॅटी जाळून शेकोटी केली. बरोबरी सुटेपर्यंत खेळायचं असतं, आणि बत्तीस इनिंग झाल्या तरी बरोबरीच. शेवटी उरलेला खेळ दोन महिन्यांनी खेळले.

"पहाटे चारला बघत कोण होतं?"

"एकोणीस माणसं उरली होती."

"त्यांना घरदार नव्हतं का?"

विदू हसला नाही. "असेल की," तो म्हणाला.

बटाट्याची गोष्ट मला सगळ्यांत आवडायची. पेन्सिल्व्हेनियातल्या एका टीमचा राखीव कॅचर. वर जाण्याची आशा संपलेली. त्याने घरून बटाटा सोलून, चेंडूसारखा गोल करून आणला. समोरचा खेळाडू तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी व्हायच्या आधीच्या शेवटच्या थांब्यावर, असताना याने बटाटा मुद्दाम लांब भिरकावला. त्याला वाटलं चेंडू गेला, तो धाव पुरी करायला आरामात याच्याकडे धावत आला, तर हा खरा चेंडू हातात घेऊन उभा.

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी काढून टाकला त्याला."

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने मला दोनदा सांगितली. काही खेळाडूंना मोठ्या टीमचं बोलावणं येतं. कोणीतरी जखमी असतो, दोन-तीन दिवसांसाठी माणूस हवा असतो. हा जातो, त्यांचा पोशाख घालतो, बाकावर बसतो आणि खेळायची वेळच येत नाही. परत येतो. पुढे कधी बोलावत नाहीत. मोठ्या टीमकडून खेळलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नसतं, कारण तो खेळलेलाच नसतो. इथले जाणकार अशांना भुतं म्हणतात.

"तू हे कशाला लक्षात ठेवतोस, विदू?"

"कोणीतरी ठेवायला पाहिजे ना," तो म्हणाला.

कौस्तुभ मॅच नसेल त्या दिवशी आमच्या दोन खोल्यांच्या घरी जेवायला यायचा. त्याच्याबरोबर त्यांचा पिचर यायचा, कोल्बी. टेक्ससमध्ये गुरांचा गोठा असलेल्या घरातलं एकोणीस वर्षांचं पोर. दारात वाकून आत यावं लागेल एवढं उंच, आणि लाजाळू. कौस्तुभ मला आत्या म्हणतो म्हणून माझं नावच आत्या आहे असं तो समजला. "मिस आत्या," म्हणायचा आणि तिसरं थालीपीठ मागायचा. मोठ्या क्लबने, म्हणजे बगळे ज्या मोठ्या टीमच्या खाली होते तिने, या मुलावर फार पैसा लावला होता. तो चेंडू टाकायला लागला की गप्पा मारणारी माणसंही मैदानाकडे वळायची. चेंडू दिसायचाच नाही, कौस्तुभच्या हातमोज्यात बसल्याचा आवाज तेवढा यायचा.

कौस्तुभचं मराठी त्याच्या आईकडून आलेलं. त्यामुळे तो "मी जाते, मी खाते" असंच बोलायचा. आईचं ऐकून शिकलेली मुलं लहानपणी असं बोलतात, मग घरातलं कोणीतरी हसून सुधारतं. रेवती गेल्यावर त्याच्याशी मराठी बोलणारा विदूच उरला होता, आणि विदूने ते सुधारलं नव्हतं. सहा फुटी माणूस, दाढी वाढलेली, आणि "मला भूक लागली, मी आंघोळ करून येते" म्हणायचा. मला आधी हसू यायचं. नंतर नाही यायचं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कौस्तुभ रोज खेळत नव्हता. कोल्बीची पाळी दर पाचव्या दिवशी असायची, त्या दिवशी तो खेळायचा. बाकीचे दिवस मैदानाच्या कडेला, कुंपणाजवळ उकिडवा बसून दुसऱ्या पिचरांचे सरावाचे चेंडू झेलायचा. बॅटिंगला आला की बहुतेक वेळा बाद व्हायचा. मी विदूला विचारलं, तर तो म्हणाला, "असं ठरलेलं असतं," आणि शेंगा सोलायला लागला.

जुलैमध्ये एकदा सकाळची मॅच होती, उन्हाळी शिबिराच्या पोरांसाठी. विदू सरबत आणायला गेला होता. आमच्या मागच्या ओळीत साठीचा एक माणूस बसला होता. हातात चेंडूचा वेग मोजायचं यंत्र. असे लोक मोठ्या क्लबांचे असतात, पोरांवर नजर ठेवायला गावोगाव हिंडतात, हे मला कळायला लागलं होतं. त्यानेच बोलायला सुरुवात केली. तुम्ही कोणासाठी येता? मी म्हटलं, तो कॅचर माझा भाचा.

"चांगले हात आहेत त्याचे," तो म्हणाला. "फार चांगले."

"मग तो वर कधी जाईल?"

माणूस वाईट नव्हता. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग यंत्र मांडीवर ठेवलं.

"बाई, तुम्ही दुरून आलात म्हणून सांगतो. टीममध्ये पंचवीस पोरं असतात. क्लबला त्यातली तीन-चार हवी असतात. पण तीन-चार पोरांची मॅच होत नाही ना. म्हणून बाकीची ठेवतात. त्या टेक्ससच्या मुलाचा चेंडू नीट झेलणारा कोणीतरी लागतो. तुमचा भाचा त्यासाठी आहे."

"हे त्याला माहीत आहे?"

"तिसरं वर्ष आहे त्याचं," तो माणूस म्हणाला.

विदू सरबताचे ग्लास घेऊन आला. त्या माणसाला बघून त्याने मान हलवली, त्यानेही हलवली. आम्ही मॅच बघत बसलो. सरबत फार गोड होतं.

तो महिनाभर मी विदूला काही सांगितलं नाही. कसं सांगणार होते? घर विकून, नोकरी सोडून हा माणूस त्या खुर्चीवर येऊन बसला होता.

एका रविवारी सकाळी कौस्तुभ एकटाच आला. विदू बाजारात गेला होता. मी कणीक मळत होते. त्याने फ्रीजमधून बर्फ काढला, फडक्यात बांधला आणि डाव्या हाताच्या अंगठ्यावर धरून ओट्याशी टेकून उभा राहिला. तो झेलायचा हात. अंगठ्याचं मूळ सुजून लिंबाएवढं झालं होतं.

"हे कधीपासून?"

"कोल्बीचा चेंडू जोरात येतो ना, आत्या. दरवेळी तिथेच लागते."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं तर ते मला बसवतील. मग कोल्बी दुसऱ्याला टाकणार." त्याने बर्फ सरकवला. "मग मी कशाला इथे?"

मी हात धुतले. म्हटलं, "म्हणजे तुला माहीत आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं मी काय म्हणते ते, आणि तो खुर्चीवर बसला.

"सगळ्यांना माहीत असते, आत्या. कोण वर जाणार आणि कोण नाही. बसमध्ये बसलं की कळते. जाणारी मुलं खिडकीशी झोपतात, त्यांना काळजी नसते. आम्ही जागे असतो."

"मग सोड की. तू शिकलेला आहेस. दुसरं काहीतरी कर."

"मागच्या वर्षी माझ्या कॉलेजने बोलावलं होतं. मुलांना शिकवायला, कोच म्हणून. मी नाही म्हटलं."

"का रे?"

"बाबाने तेव्हाच घर विकलं." तो फडक्यातून गळणारं पाणी बघत होता. "आई गेली तेव्हा बाबा बोलायचाच नाही. मी शाळेतून यायची, तो सोफ्यावर बसलेला. मग तो मला मैदानावर घेऊन गेला आणि तिथे बोलायला लागला. मी सोडलं तर तो परत सोफ्यावर जाऊन बसेल. तू त्याला सांगू नको. मी अजून एक-दोन वर्षं करते."

बाहेर विदूच्या गाडीचा आवाज आला. कौस्तुभने बर्फ बेसिनमध्ये टाकला आणि हात खिशात घातला.

ऑगस्ट लागला. कोल्बीला वरच्या पायरीवर नेणार अशी बातमी होती. शनिवारची दुपारची मॅच, उकाडा असा की खुर्च्यांना हात लावता येत नव्हता. मोठ्या क्लबची तीन माणसं खास त्याला बघायला आली होती. पहिल्या तीन इनिंगमध्ये समोरच्यांना बॅट लावता आली नाही. कौस्तुभही त्या दिवशी बहरात होता. बोटांच्या खुणा करून तो सांगायचा तसा चेंडू यायचा, जसा काही तोच टाकत होता. विदू खुर्चीच्या काठावर पुढे येऊन बसला होता. बऱ्याच दिवसांत मी त्याचा चेहरा असा बघितला नव्हता.

चौथ्या इनिंगमध्ये कोल्बीने एक चेंडू टाकला, तो कौस्तुभच्या डोक्यावरून थेट जाळीवर येऊन आदळला. आम्ही दचकून मागे झालो. मैदानात बघितलं तर कोल्बी गुडघ्यावर बसला होता, उजवं कोपर पोटाशी धरून. कौस्तुभ मुखवटा फेकून धावला. सगळ्यांच्या आधी तोच पोचला. त्याने कोल्बीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच खाली बसला. डॉक्टर आले, मॅनेजर आला, ते त्या मुलाला घेऊन गेले, तरी कौस्तुभ तिथेच बसून होता. पंचाने येऊन त्याला उठवलं.

विदू मागे रेलून बसला. शेंगांची पुडी त्याच्या मांडीवरून खाली पडली होती, त्याने उचलली नाही.

"बरा होईल ना रे पोरगा?" मी विचारलं.

"ऑपरेशन करतील. वर्ष-दीड वर्ष जाईल." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मॅच संपेपर्यंत थांबायला नको, ताई. घरी जाऊ."

पुढच्या आठवड्यात कोल्बीला त्याचे वडील घेऊन गेले. जायच्या आधी तो आमच्याकडे आला, हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने थालीपीठ खाल्लं, अर्धंच. "मिस आत्या, मी परत येईन," म्हणाला. कौस्तुभने त्याची बॅग गाडीपर्यंत नेली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे मैदानावर गेलो. दुपारची मॅच. जाळीच्या पलीकडे दुसराच कॅचर उकिडवा बसला होता, नवा, केस पिवळे. विदूने कुंपणाजवळ बघितलं. तिथेही कौस्तुभ नव्हता.

मग तो आला. मैदानातून नाही, आमच्यासारखा पायऱ्यांवरून, साध्या शर्टात. खांद्यावर सामानाची मोठी बॅग. त्याने बॅग पायाशी ठेवली आणि विदूच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. त्या मैदानावर बापाच्या शेजारी बसून मॅच बघायची त्याची ती पहिलीच वेळ होती.

"बाबा, मला सोडलं त्यांनी."

"कधी?"

"सकाळी. मॅनेजरने ऑफिसमध्ये बोलावलं."

"हं," विदू म्हणाला.

मॅच सुरू झाली. नव्या कॅचरच्या हातून एक चेंडू निसटला. विदू हळूच म्हणाला, "हात उशिरा नेतोय."

"हो. आणि अंगठा बाहेर ठेवतो तो. लागणार त्याला."

मग दोघं तसंच बोलत राहिले. हा चेंडू आत हवा होता, तो पिचर दमलाय, वारा नदीकडून आहे. एकमेकांकडे न बघता. मी अंग चोरून बसले होते. मला वाटलं, वाटलं होतं तेवढं वाईट नाही झालं. आता संध्याकाळी घरी जाऊ, मी काहीतरी गोड करीन, आणि हळूहळू दिवस जातील.

पाचव्या इनिंगमध्ये विदू म्हणाला, "इंडियानात एक टीम आहे. कोणत्याच मोठ्या क्लबची नाही. त्यांना कॅचर हवाय. मी बोललोय त्यांच्याशी."

"नको, बाबा."

"ऐकून तर घे. तुझे हात चांगले आहेत."

"हातांना कोण विचारते? मी इथे कोल्बीसाठी होते. तुला माहीत नाही, पण ते मला खेळाडू म्हणून ठेवतच नव्हते. तो होता म्हणून मी होते. आता..."

"माहीत आहे," विदू म्हणाला.

कौस्तुभ वळला. "काय माहीत आहे?"

"हेच. कोल्बीच्या आधी तो डावखुरा पिचर होता, त्याच्यासाठी घेतलं होतं तुला. मग कोल्बी आला."

"कोणी सांगितलं?"

"क्लबचा माणूस आहे एक, यंत्र घेऊन येतो तो. तुझं पहिलं वर्ष होतं तेव्हा."

मला विदूच्या त्या सगळ्या गोष्टी आठवल्या. काढून टाकलेला बटाटेवाला, बाकावर बसून परत आलेली भुतं. तो मला उन्हाळाभर सांगत होता, आणि मी शेंगा खात ऐकत होते.

"पहिल्या वर्षी तुला माहीत होतं," कौस्तुभ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मग तू घर का विकलंस?"

विदू टोपी काढून तिची कड सारखी करायला लागला.

"बाबा, मी मागच्या वर्षीच सोडणार होते. तू घर विकून आलास म्हणून थांबले. मला वाटलं तुला आशा आहे. मला वाटलं, मी सांगितलं तर तू मरशील." त्याने डावा हात वर धरला. अंगठा तळव्याकडे वळत नव्हता. "हे बघ. हे मी तुझ्यासाठी केलं."

"मला वाटलं, तुला खेळायचंय."

"तू विचारलं नाहीस."

"तूही सांगितलं नाहीस."

"तू बाबा आहेस," कौस्तुभ म्हणाला.

पुढच्या ओळीतला ऑक्सिजनची नळी लावलेला म्हातारा मागे वळून बघायला लागला. त्याला भाषा कळत नव्हती, पण कळायचं ते कळलं असावं. त्याने मान परत फिरवली.

विदूने टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "घरी गेलो असतो तर काय केलं असतं आपण? दोघं समोरासमोर जेवायला बसलो असतो. बोललो काय असतो, कौस्तुभ? मला तुझ्याशी दुसरं काही बोलता येत नाही. आई होती तेव्हा ती बोलायची."

हे ऐकून तो विरघळेल असं मला वाटलं. मी तेव्हा तशी वाट बघत होते. पण त्याचा चेहरा उलट बंद होत गेला. तो उठला आणि बॅग खांद्याला लावली.

"मी जाते," तो म्हणाला.

"मॅच संपू दे."

"तू बघ."

मी त्याच्या मागे फाटकापर्यंत गेले. त्याचा एक मित्र गाडी घेऊन थांबला होता. मी म्हटलं, आज रात्री घरी ये, दोन घास खा, उद्या जा. त्याने मला जवळ घेतलं, माझ्या डोक्यावर हनुवटी टेकली.

"आत्या, तुला पण माहीत होतं ना?"

"हो."

"सगळ्यांना माहीत होतं," तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

मी परत आले तेव्हा सातवी इनिंग अर्धी झाली होती. त्या वेळी तिथे सगळे उठून उभे राहतात, पाय मोकळे करतात आणि एक गाणं म्हणतात. अख्खं मैदान उभं होतं, लहान पोरं, कारखान्यातले, तो म्हाताराही बायकोच्या आधाराने. विदूही उभा होता. टोपी हातात धरून तो सगळ्यांबरोबर गाणं म्हणत होता. सगळे शब्द पाठ होते त्याला. गाणं संपल्यावर तो बसला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टोपी ठेवली. मी म्हटलं, विदू, चल घरी. तो म्हणाला, अडीच इनिंग राहिल्या आहेत. त्या संपेपर्यंत आम्ही बसलो. बगळे हरले की जिंकले ते मला आता आठवत नाही.

मी सप्टेंबरात साताऱ्याला परत आले. कोल्बीचं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी तो टाकायला लागला, पण तो वेग गेला होता. मग परत तेच कोपर गेलं. आता तो बापाची गुरं सांभाळतो. म्हणजे ज्या तीन-चार पोरांसाठी बाकीच्यांना ठेवलं होतं, त्यातलाही हा पोचला नाही. कौस्तुभ ॲरिझोनाला गेला, हॉस्पिटलांना यंत्रसामग्री विकतो. लग्न झालं, दोन मुली आहेत. त्याच्या कॉलेजातली ती जागा तेव्हाच भरली होती, आणि नंतर त्याने बेसबॉलचा विषय काढलेला मी ऐकला नाही. डाव्या हाताने त्याला शर्टाची गुंडी लावता येत नाही, असं त्याची बायको म्हणाली.

विदू मार्लोतच राहिला, त्याच दोन खोल्यांत. पुढे मोठ्या क्लबांनी खालच्या बऱ्याच टीम बंद केल्या, त्यात बगळेही गेले. मला वाटलं, आता तरी तो तिथून हलेल. पण त्या मैदानावर उन्हाळ्यात कॉलेजची मुलं खेळायला लागली, आणि हा त्यांना बघायला जायला लागला. मी विचारलं, त्यांत ओळखीचं कोणी आहे का? नाही म्हणाला. आता त्याच्या शेजारी गोष्टी ऐकायलाही कोणी नसतं. ऑक्सिजनवाला म्हातारा गेला, त्याची बायको कधीमधी येते.

कौस्तुभ मला दिवाळीला आणि माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन करतो. मागच्या वर्षी बोलता बोलता त्याने मध्येच विचारलं, "बाबा अजून जातो मॅचला?"

"जातो."

"कोणाला बघायला?"

"तूच विचार ना त्याला," मी म्हटलं.

मग त्याने विचारलं, साताऱ्यात थंडी पडली का. मी म्हटलं, पडली, सकाळी शाल लागते.